एका न्यूट्रलची सव्वाशे वर्षं

आजची गोष्ट एका तारेची. एडिसनने ती तांबं वाचवायला शोधली, आणि ती सुरक्षित करायचा एक साधा नियम यायला 2008 उजाडलं.

सप्टेंबर 1882. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज 110 व्होल्ट, डीसी. इतक्या कमी व्होल्टेजवर वीज लांब न्यायची तर तारा जाडजूड लागतात, आणि तांबं महाग! मग युक्ती निघाली. दोन डायनॅमो सिरीजमध्ये जोडायचे आणि मधून एक सामाईक तार काढायची. तीच न्यूट्रल. एका बाजूला 10 अँपिअर, दुसऱ्या बाजूला 8, तर न्यूट्रलमधून वाहतात फक्त फरकाचे 2. तांबं निम्म्याहून कमी लागतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनलाही हेच सुचलं. 4 जुलै 1883 ला पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात तीन तारांवर दिवे लागले.

पुढे डीसी जाऊन एसी आली, पण अमेरिकन घरांत ही रचना टिकली. दोन फेज, प्रत्येकी 120 व्होल्ट, आणि दोन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल.

आता गोची बघा. न्यूट्रल मध्येच तुटली, तर दोन्ही बाजूंची उपकरणं 240 व्होल्टवर सिरीजमध्ये येतात. एकीकडे 1200 वॉटचा हीटर, दुसरीकडे 60 वॉटचा बल्ब असेल, तर बल्बवर जवळजवळ 228 व्होल्ट! दोन्ही सर्किटं चुकून एकाच फेजवर घेतली, तर 10 आणि 8 ची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. न्यूट्रलमधून 18 अँपिअर जातात आणि ब्रेकरला पत्ताच नाही. आणि वायरमनने एकच ब्रेकर बंद करून न्यूट्रलचा जोड सोडला, तर दुसऱ्या सर्किटमुळे ते टोक जिवंत असतं.

अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आला 1897 मध्ये. त्यात हळूहळू नियम जमले. सॉकेट काढलं तरी सामाईक न्यूट्रल तुटता कामा नये, हा एक. पण दोन्ही फेज एकदमच बंद झाले पाहिजेत, ही सक्ती आधी मोजक्या ठिकाणीच होती. अशा सगळ्याच सर्किटांना ती लागू झाली 2008 च्या आवृत्तीत.

आपल्याकडे बिल्डिंगला थ्री-फेज येते, तिथेही न्यूट्रल सामाईकच. म्हणून "न्यूट्रल गेली आणि टीव्ही-फ्रिज उडाले" हे आपण ऐकतो. मला वाटतं, वाचवलेल्या तारेचं बिल कुणीतरी भरतंच. ते वायरमनने जिवानिशी भरू नये, म्हणून हे नियम.

भेटू पुढच्या भागात!