तारेखालची उमेदवारी

जयपूरच्या मानसरोवरहून चांदपोलकडे ३ जून २०१५ रोजी पहिली मेट्रो धावली ती २५ हजार व्होल्टच्या एसी ओव्हरहेड तारेखालून. मुंबईत मात्र ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या डीसीवर होती. तिथला डीसी उपनगरी मार्गांवरून पूर्ण जायला २०१६ उजाडलं. माझ्या मते डीसीकडून एसीकडे जाण्याच्या या बदलात तारेवर काम करणाऱ्यांच्या उमेदवारीची गरज उलट वाढली. एसी तार बंद केली, तरी शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात वीज उतरते. ‘बंद’ म्हणजे ‘मेलेली’ नव्हे. म्हणून अर्थिंगच्या रॉडची केबल आधी रुळाला घट्ट आवळायची, मगच आकडा तारेला लावायचा. काढताना आकडा आधी. हे तर वर्गातही शिकवता येईल, असं कोणी म्हणेल. येईलच, आणि परीक्षेत सगळे बरोबर लिहितीलही. पण रात्री गाड्या थांबवून मिळालेल्या तुटपुंज्या ब्लॉकमध्ये, पहिल्या गाडीची घाई असताना, क्रम चुकवू न देणारा हात जाणत्या कारागिराच्या शेजारी उभं राहूनच घडतो. शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला मजूर, हा आक्षेप जास्त वजनदार. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याने करार आणि विद्यावेतन बंधनकारक केलं ते काही उगाच नाही.