वाईट दिवसांत तेच ते गाणं का ऐकावंसं वाटतं?

ब्रेकअप झालं, नोकरी गेली, घरात कुणी आजारी पडलं. अशा वेळी मोबाइलवर लाखो नवी गाणी असतानाही बोट नेमकं जुन्याच गाण्यावर जातं. तेही एकदा नाही, दहा वेळा. घरचे वैतागतात, पण यामागे कारण आहे.

ओळखीच्या गाण्यात पुढे काय येणार हे आधीच माहीत असतं. उद्याचा भरवसा नसताना निदान त्या चार-पाच मिनिटांत काही अनपेक्षित घडत नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली काही जणांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. अंगावर काटा आणणारी जागा आली की डोपामाइन हे रसायन स्रवत होतंच. पण ती जागा येणार, या अपेक्षेनेही ते आधीच स्रवू लागलं होतं. नव्या गाण्यात ही वाट बघणं जमणार कसं?

फिनलंडमधला २००८चा अभ्यास याहून महत्त्वाचा. मेंदूचा झटका आलेल्या ६० रुग्णांचे तीन गट केले गेले. एका गटाने दोन महिने रोज स्वतः निवडलेली गाणी ऐकली, दुसऱ्याने ऑडिओबुक, तिसऱ्याला यातलं काहीच दिलं नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. तीन महिन्यांनी गाणी ऐकणाऱ्यांची शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता आणि एकाग्रता इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारली होती. काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची उदासीही कमी होती.

मग दुःखात रडकीच गाणी का लावली जातात? बर्लिनमधल्या संशोधकांनी २०१४मध्ये ७७२ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. दुःखी संगीताने सर्वाधिक जागी होणारी भावना निघाली ती जुन्या आठवणींची हुरहुर. दुःखाचा नंबर त्याहून खाली होता. पहाटे जात्यावर बसून सासरचा जाच ओवीत सांगणाऱ्या बायकांना हे कळायला अर्थात कुठल्या सर्वेक्षणाची गरज नव्हती.

मात्र प्रत्येक वेळी गाणं कामी येतंच असं नाही. ऐकून मन हलकं होण्याऐवजी त्याच विचारात आणखी रुतत असेल, तर ते गाणं काही दिवस बाजूला ठेवलेलं बरं. आणि दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला १४४१६वर फोन करता येतो. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.