समुद्रतळच्या हाली नोटा

मंडळी, आपल्या गावची विहीर फार तर पन्नास फूट खोल. अशा आठ विहिरी एकीखाली एक कल्पा, म्हणजे ‘इजिप्त’ नावाची आगबोट जिथे बुडाली तिथला तळ लागेल.

ही बोट १९ मे १९२२ रोजी लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघाली. पोटात सोने, चांदी आणि नाणी, किंमत दहा लाख पौंडांच्या वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फ्रान्सच्या उशांत बेटाजवळ, दाट धुक्यात ‘सेन’ ही फ्रेंच मालबोट तिच्या कुशीत घुसली. वीस मिनिटांच्या आत सारा कारभार आटोपला. ८६ माणसे गेली, त्यांत बोटीवरचे नोकर ७१. खलाशांत आपले हिंदी लोक पुष्कळ. विलायती वर्तमानपत्रांनी त्यांनाच भित्रे ठरवले. पुढे चौकशी झाली तेव्हा ठपका आला तो कप्तानावर. होड्या सोडण्याची कवायतच नीट घेतलेली नव्हती, मग बिचाऱ्या खलाशांनी करावे काय?

आता सोने काढायचे कसे? दर तेहतीस फुटांना पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. रबरी पोशाखातल्या पाणबुड्याला त्याच दाबाची हवा छातीत घ्यावी लागते. वर येताना घाई झाली की रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. चारशे फुटांवर त्या पोशाखाची गोष्टच नको.

इटलीच्या ‘आर्टिल्यो’ बोटीवरच्या मंडळींनी निराळी युक्ती केली. माणसाला जाड पोलादी कोठीत बंद करून खाली सोडायचे. दाब कोठी सोसणार, आतली हवा नेहमीसारखीच. भिंगाच्या खिडकीतून तो पाहणार आणि टेलिफोनवर सांगणार, ‘जरा डावीकडे, आता खाली!’ वरचे लोक त्याप्रमाणे लोखंडी पंजा हलवणार. डोळे तळाशी, हात वर! पण आधी बोट सापडायला हवी ना? एक धर्मगुरू तर आपल्या पाणाड्यासारखी काडी घेऊन आला होता. अखेर तळावरून तारेचा दोर फरफटवत नेला, तेव्हा ऑगस्ट १९३० मध्ये ती अडकली.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला घात झाला. हिवाळी दर्यामुळे काम थांबले होते, म्हणून मंडळी किबरोंच्या उपसागरात दारूगोळ्याची एक जुनी बुडालेली बोट सुरुंगाने फोडत होती. तिच्यातली दारू बारा वर्षांनीही मेली नव्हती. स्फोटात ‘आर्टिल्यो’ बुडाली आणि मुख्य पाणबुड्या आल्बेर्तो जान्नी साथीदारांसह गेला. उरलेल्यांनी दुसरी बोट घेतली, तिलाही तेच नाव दिले, आणि कोठीत बसायला नवी माणसे तयार झाली.

सुरुंगांनी एकेक मजला उघडत ते खाली गेले. जून १९३२ मध्ये सोने हाती आले. पण त्याआधी पंज्यात काय यावे? कागदांचे भिजलेले गठ्ठे! निजामाच्या हैदराबाद संस्थानासाठी छापलेल्या, सही व्हायच्या राहिलेल्या हाली नोटा. मराठवाड्यातल्या थोरांना हा हाली रुपया ठाऊक असेल. या नोटांवर उर्दूबरोबर तेलुगू, कानडी आणि मराठीही अक्षरे असत. दहा वर्षे खाऱ्या पाण्यात राहून त्यांतल्या कितीतरी वाचता येत होत्या.