जमिनीशी न जोडलेली दांडी

१/३ ६ ऑगस्ट १७५३. सेंट पीटर्सबर्गवर वादळ दाटून येताच प्राध्यापक गेओर्ग रिखमन अकादमीतून घरी धावला. छतावरील लोखंडी दांडीतून उतरणारी वीज त्याला मोजायची होती. म्हणूनच दांडी जमिनीशी जोडलेली नव्हती.

२/३ विजेला वाट मिळाली ती त्याच्या देहातून. तो जागीच गतप्राण झाला. फ्रँकलिनच्या तडितरक्षकाचे मर्म दांडीत नसून अर्थिंगमध्ये आहे, हे या मृत्यूने दाखवून दिले.

३/३ स्थिर विद्युतभाराने रंग फवारणाऱ्या आजच्या कारखान्यांतही हाच नियम लागू आहे. वस्तू टांगण्याच्या आकड्यावर रंगाचे थर साचले की तिचा जमिनीशी संबंध तुटतो, तिच्यावर भार साठतो आणि एका ठिणगीने द्रावकाची वाफ पेटते. आकडा खरवडून स्वच्छ ठेवणे हे क्षुल्लक काम नव्हे.