गोळी घरची, शिसे बंदरावरचे

तोड्याच्या बंदुकीच्या काळात शिशाची गोळी ओतणे हे कारखान्याचे काम नव्हते. वाड्याच्या अंगणात, गडावरच्या चुलीपाशी, छावणीतल्या शेकोटीवर ते होऊन जाई. कदाचित म्हणूनच आपल्या लष्करी इतिहासात या कामाला जागा मिळालेली नाही. तोफांची नावे, बुरुजांची बांधणी, तलवारींच्या मुठी यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. गोळी मात्र घरच्या घरी होणारी किरकोळ वस्तू म्हणून बाजूला राहते. या दुर्लक्षातून एक चुकीचा समज रुजला आहे. जे घरी बनते ते सर्वस्वी आपले, त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही, असे आपण धरून चालतो. भोसल्यांकडे ज्या गावची पाटीलकी होती, त्या वेरूळच्या परिसरापुरते पाहिले तरी हा समज टिकत नाही. इथे गोळी ओतण्याची कला प्रत्येक चुलीच्या आवाक्यात होती, पण तिला लागणारे शिसे इथल्या जमिनीत नव्हते. त्यामुळे घरगुती गोळीचा इतिहास हा मुख्यतः बंदरांचा आणि घाटवाटांचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे काम घरी का होत असे ते पाहू. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. तांब्याला १०८५ आणि लोखंडाला १५३८ अंश लागतात. म्हणजे साधी लाकडाची चूल आणि लोखंडी पळी एवढ्यावर शिसे पातळ होते. भट्टी बांधावी लागत नाही. वर आलेली मळी काढायची, दोन पाख्यांचा साचा आधी तापवून घ्यायचा, धार ओतायची, गोळी घट्ट झाली की साचा उघडून तिचा देठ छाटायचा, एवढीच कृती. साचा गार असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर वाफेच्या धक्क्याने धातू अंगावर उडतो. आणि त्याचा धूर व धूळ वर्षानुवर्षे शरीरात साठून विषबाधा करते. हुन्नर सोपा असला तरी निर्धोक नव्हता. तो घरी राहण्याचे दुसरे कारण बंदुकीतच होते. नळ्या गावोगावचे लोहार घडवत, त्यामुळे एका नळीचे तोंड दुसरीशी जुळेलच असे नसे. ज्याची बंदूक त्याचा साचा, हीच सोयीची रीत होती. ठरावीक मापाची गोळी कोठारातून वाटायची तर आधी ठरावीक मापाच्या बंदुका हव्यात, आणि त्या इथे फार उशिरा आल्या.

आता जमिनीकडे वळू. वेरूळची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत तो दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. या खडकाने आपल्याला लेणी दिली, किल्ले दिले, काळी माती दिली. पण खाण काढावी असे शिशाचे खनिज त्यात नाही. बंदुकीच्या दारूची गोष्ट निराळी. तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग सोऱ्याचा असतो, आणि सोरा जुन्या वस्त्यांच्या, गोठ्यांच्या खारवट मातीतून काढता येतो. कोळसा तर घरचाच. लोखंड सह्याद्रीच्या जांभ्या दगडातून निघत असे. बाहेरून आणल्यावाचून गत्यंतर नव्हते ते गंधकाला आणि शिशाला.

ही उणीव बंदुकीहून पुष्कळ जुनी आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. त्यांची राजधानी पैठण. पण तिथल्या मातीतही शिसे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरावर उतरणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात पैठण व तेर इथला माल गाड्यांवरून भडोचला येत असल्याचेही सांगितले आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी तर भारतात तांबे नाही, शिसे नाही, रत्ने आणि मोती देऊन तो देश हे धातू घेतो, असे लिहून जातो. प्लिनीचे विधान जसेच्या तसे खरे मानता येत नाही. राजस्थानातील झावर, दरीबा आणि आगुचा इथल्या खाणी त्याच्याही आधीपासून चालू होत्या. परंतु किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या परदेशी माणसाला जे दिसले ते पश्चिम दख्खनपुरते खोटे नव्हते. वस्त्र आणि अकीक खाली उतरत, धातू वर चढत. नाण्यांच्या काळातली ही देवघेव पुढे गोळ्यांच्या काळातही चालू राहिली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मालोजीराजे निजामशाहीच्या चाकरीत पुढे आले. वेरूळपासून पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला. पुढे तीच निजामशाहीची राजधानी झाली आणि १६३३ मध्ये महाबतखानाने वेढा घालून ती घेतली. निजामशाहीच्या हाती चौलसारखे बंदर होते, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. डोंगरी राज्याला समुद्राचे एक दार लागतेच. मोगलांचे दार सुरत होते. सुरतेहून औरंगाबादकडे येणारा रस्ता किती रुळलेला होता हे परदेशी प्रवाशांवरून कळते. फ्रेंच प्रवासी तेवनो १६६०च्या दशकात सुरतेहून निघून याच भागात आला आणि वेरूळची लेणी पाहून त्यांचे वर्णन त्याने लिहिले. ज्या वाटेने प्रवासी येतो त्याच वाटेने माल येतो. इंग्रज कंपनी हिंदुस्थानात जो माल विकायला आणी त्यात लोकरी कापडाबरोबर शिसे ही नेहमीची जिन्नस होती. जड असल्याने ते जहाजाच्या तळाशी भार म्हणून भरले जाई, त्यामुळे त्याची वाहतूक जवळजवळ फुकट पडे. विलायतेच्या खाणीतला धातू दख्खनच्या चुलीवर वितळतो, हे चित्र त्या शतकात मुळीच नवलाचे नव्हते.

शिवाजी महाराजांच्या धोरणाकडे या बाजूने पाहिले की काही गोष्टी अधिक उलगडतात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर त्यांनी आरमाराकडे लक्ष दिले. १६६० मध्ये राजापूरचे इंग्रज पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला गेले. पुढच्याच वर्षी महाराजांनी त्यांची राजापूरची वखार लुटली. तरीही नंतरची कित्येक वर्षे त्याच इंग्रजांशी बोलणी चालू राहिली आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी तह झाला. कंपनीचा इतिहासकार ऑर्म याने आणखी एक नोंद केली आहे: महाराजांनी सुरतेच्या फ्रेंचांकडून ८० तोफा आणि आपल्या सर्व बंदुकांना पुरेल इतके शिसे विकत घेतले. या नोंदीतल्या तोफांची चर्चा होते, शिशाची होत नाही. वास्तविक त्या सौद्याचा दुसरा भागच अधिक बोलका आहे. तयार गोळ्या घेतल्या नाहीत, शिसे घेतले. गोळ्या करणारे हात स्वराज्यात हवे तेवढे होते. त्यांना धातू हवा होता.

यावर पहिला आक्षेप असा की शिशाचे प्रमाण इतके थोडे होते की त्याला धोरणाचा विषय मानणे अतिशयोक्ती ठरेल. हिशेब करून पाहू. दीड सेंटिमीटर व्यासाची शिशाची गोळी २० ग्रॅमच्या आसपास भरते. एक हजार बंदुकांना प्रत्येकी ५० गोळ्या द्यायच्या तर एक हजार किलो शिसे लागेल, म्हणजे वंजाऱ्यांच्या तांड्यातल्या आठ-दहा बैलांचे ओझे. प्रमाण थोडे आहे हे खरेच. पण त्यावरून शिसे बिनमहत्त्वाचे होते असे ठरत नाही; बंदराचा माल घाट चढून दूरच्या गढीपर्यंत कसा पोचू शकला, एवढेच त्यावरून समजते. शिवाय शिसे साठवणीला उत्तम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूचे कोठार वस्तीपासून दूर ठेवावे आणि दारू ठरावीक काळाने बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी काळजी सांगितली आहे. शिशाला यातले काहीच लागत नाही. ते ओलीने बिघडत नाही, पेट घेत नाही, वापरलेली गोळी सापडली तर पुन्हा वितळते. म्हणून परावलंबन असले तरी त्याने रोजची गळचेपी होत नसे. शांततेच्या वर्षांत घेऊन ठेवलेला साठा युद्धाच्या वर्षांत उपयोगी पडे, आणि ज्याला बंदर नाही त्याला हा साठा करता येत नसे.

दुसरा आक्षेप पर्यायांचा. गोळी लोखंडाची का नको, किंवा राजस्थानातले शिसे का नको? लोहाराच्या भट्टीत लोखंड मऊ होते, पाण्यासारखे ओतता येत नाही. प्रत्येक गोळी ठोकून घडवावी लागेल. तोफेच्या मोठ्या गोळ्याला ते परवडते, बंदुकीच्या शेकडो गोळ्यांना नाही. शिवाय कठीण लोखंड नळीला आतून ओरखडते, आणि शिशाच्या तुलनेत ते हलके; शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.९. त्याच मापाची लोखंडी गोळी कमी दूर आणि कमी जोराने जाते. राजस्थानच्या शिशाची अडचण वाटेची होती. झावरहून दख्खनला यायचे तर माळवा आणि खानदेश ओलांडावा लागे, आणि सतराव्या शतकात हा सारा टापू मोगलांच्या ताब्यात होता. शत्रूच्या मुलखातून शेकडो कोस धातू आणण्यापेक्षा कोकणच्या किनाऱ्यावर जहाजातून घेणे सुरक्षितही होते आणि स्वस्तही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम पुरावा पुढच्या काळात खुद्द इंग्रजांनी दिला. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. एका मापाच्या बंदुका, एका मापाची काडतुसे; शिपायाचा स्वतःचा साचा निरुपयोगी झाला. त्यानंतर आलेल्या १८७८ च्या शस्त्र कायद्यात लष्करी सामग्रीच्या व्याख्येत शिसे, गंधक आणि सोरा यांचाही समावेश करण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. वेरूळ तेव्हा निजामाच्या राज्यात होते, हा कायदा तिथे थेट लागू नव्हता; पण त्यामागचा विचार सगळीकडे सारखाच खरा आहे. चुली मोजता येत नाहीत, साचे शोधून काढता येत नाहीत. धातूची वाट मात्र अडवता येते. स्वतंत्र भारतातही १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. घरोघरच्या गोळीचे दिवस संपले ते हुन्नर विसरला गेल्यामुळे नव्हे. माप, साहित्य आणि परवाना या तिन्ही गोष्टी राज्यसंस्थेकडे गेल्या म्हणून ते संपले.

यातून मराठी माणसाच्या कर्तबगारीला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. उलट, ज्यांच्या पायाखालच्या खडकात शिशाची खाण नव्हती त्यांनी बंदरे, तह, व्यापारी आणि तांडे यांची सांगड घालून आपल्या बंदुका चालू ठेवल्या, हे अधिक मोठे काम आहे. मात्र ते ओळखायचे तर स्वयंपूर्णतेची आपली कसोटी बदलावी लागेल. वस्तू शेवटी कोणाच्या हातून तयार झाली एवढे पाहणे पुरेसे नाही. तिचा कच्चा माल कोणत्या वाटेने आला आणि ती वाट कोणाच्या ताब्यात होती, हे विचारले पाहिजे. वेरूळचा, दौलताबादचा किंवा कोणत्याही गडाचा लष्करी इतिहास लिहिताना बंदरावरच्या जकातीच्या आणि वखारींच्या नोंदी म्हणूनच बखरींच्या बरोबरीने वाचायला हव्यात.