आठवी हुसार्स
ब्रिटिश लष्करातील आयरिश घोडदळाची रेजिमेंट. स्थापना १६९३, हुसार्स हे नाव १८२२ पासून. लासवारीच्या लढाईत (१ नोव्हेंबर १८०३) इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या हाताखाली ती दौलतराव शिंद्यांच्या कवायती कंपूंवर चालून गेली. तिचा सेनानी व्हँडेलर तेथे ठार झाला. क्रिमियातील बालाक्लाव्हा येथील लाइट ब्रिगेडच्या आत्मघातकी चढाईत (२५ ऑक्टोबर १८५४) ती होती आणि इंग्रजांना ती आठवते ती यामुळेच. मराठी वाचकाच्या दृष्टीने जून १८५८ अधिक महत्त्वाचा. ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे याच स्वारांशी लढताना राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. कोटा-की-सरायच्या या चढाईबद्दल रेजिमेंटच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पदकासाठी ही नावे त्यांच्या सोबत्यांनीच निवडली होती. चौघांपैकी कॅप्टन हेनेज बालाक्लाव्हालाही लढला होता.

साध्या स्वाराची नोंद अशा इतिहासात क्वचितच येते. त्याचा माग हजेरीपटांतून काढावा लागतो. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील हे पट व सेवामुक्तीची कागदपत्रे पूर्वजांचा शोध घेणाऱ्यांची मुख्य साधने होत. ही कागदपत्रे वाचताना लक्षात ठेवावे, की भरतीची मुदत पूर्वी आजन्म असे. १८४७ च्या कायद्याने घोडदळात ती बारा वर्षे झाली. पुढे १९५८ मध्ये आठवी व चौथी हुसार्स एकत्र होऊन नवी रेजिमेंट बनली.