दुर्गाडीच्या खाडीत लाकूड कुठे गेलं?

मी विठ्ठलवाडीहून लोकल पकडतो, पुढचं स्टेशन कल्याण. तिथे दुर्गाडीजवळ खाडीकाठी नौदलाची निवृत्त युद्धनौका टी-८० आणून ठेवलीय, शिवरायांच्या आरमाराची आठवण म्हणून. छानच. पण ती धातूची!

१६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथे जहाजं बांधायला घेतली, ती लाकडाची. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज त्या कामावर होता. १६५९मध्ये वसईच्या पोर्तुगीजांनी दबाव आणला आणि तो माणसांसह निघून गेला. कारागीर गेले, काम थांबलं नाही. लाकडाचा व्यापार तर इथे फार जुना. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्याणहून जाणाऱ्या मालात ओंडके नोंदवलेत.

पण झाड कुणाचं? रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र (१७१५च्या सुमाराचं) इथे मला फार आवडतं. सागवान हुजुराच्या परवानगीने तोडा. आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालेलं हवंच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्या. बळजबरी नाही.

आरमारासाठीसुद्धा नाही, बरं का! टी-८०शेजारी हा नियम, सागाचा एक ओंडका आणि सुताराचा वाकस ठेवायला कितीशी जागा लागेल?